खास पिवळा

ताईच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र छोटंसंच होतं. ताईला आता अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही, आणि मोबाइलवर टकटक करत बसणं तिला पटत नाही. ती अजून पत्रच लिहिते. "घाबरटास आशीर्वाद," अशी सुरुवात. मी म्हातारा झालो तरी तिच्या लेखी माझं नाव बदललेलं नाही. पुढे लिहिलं होतं, "ठकूच्या पत्रांत सगळं छान छान असतं. इतकं छान कुणाचंच नसतं. तिला पाचवा महिना, जावई बोटीवर, आणि मी इथे गुडघे धरून बसलेली. तू रोज तिच्याकडे जातोस. तुझ्या डोळ्यांनी नीट बघ आणि कळव, पोरगी बरी आहे ना? उगाच गोड लिहू नकोस."

ठकू म्हणजे ताईची मुलगी, माझी भाची. जुनी पुस्तकं दुरुस्त करणं हा तिचा व्यवसाय. निवृत्त झाल्यापासून मी रोज तिच्या कामाच्या खोलीत जाऊन बसतो. मदत म्हणावी असं माझ्या हातून फारसं होत नाही. चहा करतो, ब्रश धुतो, रंगाच्या बश्या विसळतो आणि उरलेल्या वेळात दुरुस्तीला आलेली पुस्तकं वाचतो. ठकू म्हणते, गिऱ्हाइकाने पुस्तक दुरुस्तीला द्यावं आणि मामाने ते फुकटात वाचावं, असा हा धंदा आहे.

पत्र आलं त्याच दुपारी मी उत्तर लिहायला बसलो. 'ठकू' एवढा शब्द लिहिला आणि पेन उचललं. त्या दिवशी सकाळी तिच्या खालच्या ओठावर मी एक पिवळा ठिपका पाहिला होता.

तो ठिपका कुठून आला हे सांगायचं तर आधी भिंगवाल्यांबद्दल सांगायला हवं. हे एक संग्राहक गृहस्थ. गळ्यात दोरीला भिंग अडकवून हिंडतात, म्हणून आम्ही दोघं त्यांना भिंगवाले म्हणतो, अर्थात त्यांच्या माघारी. त्यांनी फुलांच्या चित्रांचा एक जुना ग्रंथ आणून दिला होता. प्रत्येक चित्र हाताने रंगवलेलं. काही पानांवरची पिवळी फुलं इतकी झळझळीत की नजर ठरू नये, आणि काही पानांवर तीच फुलं पांढुरकी, मेल्यासारखी. ती पुन्हा रंगवायची होती. ठकूकडे तिचा स्वतःचा पिवळा होता, पण तो भिंगवाल्यांना चालेना.

"बाई, तुमचा पिवळा बाजारातला आहे," असं म्हणून त्यांनी खिशातून एक काचेची बुटकी बरणी काढली. "हा माझ्या आजोबांचा. ते चित्रकार होते. मूळ चित्रांत हाच आहे, माझी खात्री आहे. हाच लावायचा."

बरणीवर चिकटवलेल्या कागदावर 'पिवळा, खास' एवढंच लिहिलेलं होतं. आत जड, मऊ पूड होती. ठकू ती चिमटीने जाड काचेवर घ्यायची, डिंकाच्या पाण्यात घोटायची आणि मग बारीक ब्रशने एकेक पाकळी भरायची. ब्रशचं टोक फाटलं की ओठांत धरून हलकेच फिरवायची. टोक पुन्हा सुईसारखं. हे ती तिच्या गुरूंकडून शिकली. त्यांनी जन्मभर तेच केलं.

"ठकू, ब्रश तोंडात घालू नकोस गं," असं मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो.

"मामा, थुंकीसारखं टोक दुसऱ्या कशाने येत नाही. आणि माझीच थुंकी आहे, शेजारणीची नाही."

मी गप्प बसलो. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

ओठावरचा तो ठिपका बघून मात्र माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही. गेले काही आठवडे ठकूला पोटात मुरडा यायचा. डोकं धरायचं. "तोंडाला किल्ली चाटल्यासारखी चव येते रे," असं ती दोनदा म्हणाली होती. पाचव्या महिन्यात असं होतंच, असं शेजारीपाजारी म्हणत, आणि तीही तेच म्हणायची. मला पाचव्या महिन्यातलं काय कळतं? मी लग्नही केलेलं नाही.

संध्याकाळी ठकू वर घरी गेल्यावर मी नेहमीप्रमाणे बश्या धुवायला घेतल्या. पिवळ्याची बशी वाळून कडक झाली होती. ओरखडून निघेना, म्हणून जवळचा चहाचा कप घेतला, बशीतला खडा त्यात टाकला आणि किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. वाटलं, पाणी पिवळं होईल. झालं उलटंच. खडा विरघळत गेला, पिवळेपणा नाहीसा होत गेला, आणि कपात जवळजवळ स्वच्छ पाणी उरलं. मी कप खिडकीच्या फळीवर ठेवला आणि ब्रश पुसत बसलो.

कुलूप लावायच्या आधी कपाकडे पाहिलं. मावळतीचा उजेड तिरपा आत येत होता, आणि कपात सोनं पडत होतं. दुसरा शब्द मला सुचत नाही. कागदाहून पातळ, चकचकीत पिवळे कण पाण्यात कुठून तरी उगवत होते, गिरक्या घेत होते, तळाशी जात होते. मी जन्मात इतकी सुंदर गोष्ट पाहिली नव्हती, आणि मी खिडकीपासून मागे सरलो.

मी चाळीसेक वर्षं एका शैक्षणिक छापखान्यात मुद्रितं तपासली. रसायनशास्त्र शिकलो नाही, त्याच्या चुका काढल्या. एका प्रयोगपुस्तिकेत 'सुवर्णवर्षाव' नावाचा प्रयोग होता. लेड आयोडाइड, म्हणजे शिसं आणि आयोडीन यांचं संयुग. रंगाने पिवळंधमक. थंड पाण्यात जेमतेम विरघळतं, उकळत्या पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं आणि रंगहीन होतं. पाणी निवलं की सोनेरी पत्र्यांच्या रूपाने परत येतं. उजेडात ठेवलं तर हळूहळू खराब होतं. खाली चौकटीत सूचना होती, ती मला शब्दन् शब्द पाठ होती, कारण तिच्यात तीन चुका निघाल्या होत्या. विषारी. पूड श्वासात जाऊ देऊ नये. तोंडाशी संपर्क टाळावा. मोरीत ओतू नये. शरीरात साठत जातं. गर्भाला अपाय होतो.

पण हे सगळं मी वाचलेलं. प्रयोग कधी पाहिलेला नव्हता. एखाद्याने नकाशा पाठ करावा आणि त्या गावी कधी जाऊ नये, तसं माझं ज्ञान. दुसरं काही असेल तर? अभ्रकाचा चुरा असेल? खरंच सोन्याची पूड असेल? मी कपावर बशी झाकली, म्हटलं सकाळी उजेडात ठकूला दाखवू आणि मग बोलू. घरी जाऊन होती नव्हती ती पुस्तकं काढली. पुस्तकांनी तेच सांगितलं जे मला ठाऊक होतं, आणि माझी खात्री काही वाढली नाही.

सकाळी गेलो तर फळीवर कप नव्हता.

"ठकू, इथला कप कुठे गेला?"

"विसळला."

"विसळला? कुणी?"

"उंदराने. मामा, काल तू चहा तसाच टाकून गेलास, मी विसळून जागेवर ठेवला. त्यात काय एवढं?"

"आत काय होतं ते बघितलंस?"

"सकाळी सकाळी उलटी काढून आलेय. कपात डोकावण्याची हौस नव्हती."

मी मांडणीकडे पाहिलं. एकसारखे पाच पांढरे कप उपडे घातलेले. सहावा तिच्या हातात होता, आणि त्यातून वाफ येत होती. आयुष्यभर मी इतरांच्या लेबलांवरच्या वेलांट्या तपासल्या, आणि विषाच्या कपावर एक चिठ्ठी लावायचं मला सुचलं नाही. तोही चहाचा कप. पुढे होऊन मी तिच्या हातातला कप काढून घेतला. चहा माझ्या मनगटावर सांडला.

"मामा! डोकं फिरलंय का तुझं?"

"किती प्यायलीस?"

"एक घोट. साखर कमी आहे, तेच सांगणार होते."

मी सहाच्या सहा कप एका पिशवीत भरले आणि पिशवीला गाठ मारली. ठकू कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मी तिला सांगायला सुरुवात केली. काय सांगितलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. म्हणालो, हा पिवळा बहुधा साधा नसावा. त्यात कदाचित शिसं असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. अर्थात मी काही तज्ज्ञ नाही.

"बहुधा, कदाचित, शक्यता," ठकू म्हणाली. "मामा, तू बोलतोयस की हवामान सांगतोयस?"

"काल मी स्वतः पाहिलं..."

"त्या पुस्तकाच्या हिरव्या कापडात सोमल आहे, हेही तू स्वतः पाहिलं होतंस. पंधरा दिवस मी नाकाला फडकं बांधून हिंडले. ते कापड प्रयोगशाळेत पाठवलं, आणि निघाला साधा हिरवा. गिऱ्हाईक मला म्हणालं, बाई, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का?"

हे खरं होतं. त्याआधी बुरशीच्या बाबतीतही असंच झालं होतं. माझ्या भीतीचा तिच्याकडे आता काही भाव उरलेला नव्हता.

"शेवटची चार पानं राहिलीत," ती म्हणाली. "भिंगवाले दुपारी येतायत. मला काम करू दे." ती टेबलाशी बसली. ब्रश ओला केला, काचेवरच्या पिवळ्यात टेकवला. टोक फाटलं होतं. तिचा हात सवयीने वर गेला.

मी कधी कुणाच्या अंगावर धावून गेलेलो नाही. त्या क्षणी काय झालं सांगता येत नाही, पण ब्रश आणि तिचे ओठ यांच्यामध्ये माझा तळहात होता. तळहातावर एक बारीक पिवळी रेघ उमटली.

 मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "तू खरंच घाबरलायस."

"मला तासभर दे. काल दिसलं ते मी तुझ्यासमोर पुन्हा करतो. झालं नाही तर यापुढे तुझ्या कामात तोंड घालणार नाही."

"आणि चहा बिनबोभाट करशील?"

"करीन."

"चल. पण कप नाहीत आपल्याकडे." ती हसली, पण ब्रश तिने खाली ठेवला.

तिला मी दाराजवळच्या स्टुलावर बसवलं, टेबलापासून दूर. तळहात साबणाने तीनदा धुतला. खिडक्या उघडल्या, पण टेबलाजवळची बंद ठेवली. वाऱ्याने पूड उडाली असती. बुरशीच्या कामासाठी आणलेले हातमोजे आणि तोंडाची पट्टी चढवली. खळ शिजवायचं काचेचं भांडं घेतलं. ते आता पुन्हा खळीला वापरता येणार नव्हतं. टेबलावर ओला कागद अंथरला आणि या वेळी आधी चिठ्ठी लिहिली: विष, हात लावू नये. भांड्यावर चिकटवली. मग बरणीतून चमच्याच्या टोकाने पूड घेतली. किती घ्यायची? प्रयोगपुस्तिकेत वजन दिलेलं होतं, आमच्याकडे तसा काटा नव्हता. जास्त घेतली तर पूर्ण विरघळणार नाही आणि ठकू म्हणेल, बघ, साधी मातीच आहे. कमी घेतली तर विरघळेल, पण गार झाल्यावरही विरघळलेलीच राहील. मग पूड विषारी असूनही मी खोटा ठरेन आणि ती ब्रश पुन्हा तोंडाशी नेईल. मी अंदाजाने घेतली. माझ्या अंदाजावर माझा कधीच विश्वास नव्हता.

उकळतं पाणी ओतलं. काचेच्या कांडीने ढवळलं. पिवळा गढूळपणा फिरला, विरळ झाला, आणि हळूहळू पाणी निवळशंख होत गेलं.

"अरेच्चा," ठकू दारातून म्हणाली. "गेला कुठे?"

नेमके त्याच वेळी भिंगवाले आले. वेळेच्या आधी, हातात छत्री, गळ्यात भिंग. माझ्या तोंडावरची पट्टी बघून म्हणाले, "शस्त्रक्रिया चालू आहे का? पेशंट कोण?"

"तुमचा पिवळा," ठकू म्हणाली. "मामा म्हणतात, त्यात शिसं आहे."

मी माझ्या परीने समजावून सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांचं तोंड वाकडं होत चाललं होतं.

"म्हणजे माझा दुर्मिळ रंग तुम्ही गरम पाण्यात घालवलात. अहो, साखरही विरघळते. मग साखर विष का?"

"साखरेचं पाणी गार केलं तर साखर अशी परत येत नाही," मी म्हणालो. "ही येईल."

"आणि नाही आली?"

"नाही आली तर मी चुकलो."

"माझे आजोबा हाच रंग घेऊन रोज बसायचे. नव्वदी गाठली त्यांनी! आणि बाईंना तो चार आठवड्यांत बाधला?"

"आजोबा पोटुशी नव्हते," ठकू म्हणाली.

भिंगवाल्यांनी मोठ्याने हसायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडला.

आम्ही वाट बघत राहिलो. पाणी निवत होतं. काचेवरची वाफ ओसरली. पाणी तसंच होतं, नितळ, रिकामं. मी भांड्याकडे बघत होतो आणि मला माझ्याच श्वासाचा आवाज पट्टीत ऐकू येत होता. पूड कमी पडली. नक्कीच कमी पडली. किंवा काल मला भास झाला. म्हातारा माणूस, मावळतीचा उजेड, डोळ्यांत मोतीबिंदू. भिंगवाले छत्रीच्या टोकाने फरशीवर टकटक करत होते. ठकूने एकदा पोटावरून हात फिरवला. मुरडा आला असावा. मग माझी नजर बरणीकडे गेली. ती अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

"काका," भिंगवाले म्हणाले, "माझी बरणी द्या. मी दुसरीकडे काम करून घेतो."

"थांबा," ठकू म्हणाली. "मामा, गार पाण्यात ठेव ना ते भांडं. नुसतं वाऱ्यावर कधी निवायचं?"

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. तसराळ्यात नळाचं पाणी घेऊन मी भांडं त्यात अलगद ठेवलं. पाणी हिंदकळलं.

आधी एकच कण दिसला. मला वाटलं, काचेवरचा डाग. मग तो वळला आणि चमकला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग पाण्याच्या पोटात सगळीकडून एकदम ते सुरू झालं. सहा कडांचे इवलेसे सोनेरी पत्रे शेकड्यांनी उमलू लागले, एकमेकांना ओलांडत खाली झिरपू लागले. पाण्याला सोन्याचा ताप चढल्यासारखा दिसत होता.

"वा!" भिंगवाले पुढे झाले. "वा, वा! काय देखणं आहे हो!" पोरासारखे डोळे मोठे करून ते भिंगातून बघत होते.

 ठकूचा हात खालच्या ओठाकडे गेला आणि मध्येच थांबला. तो हात कुठे ठेवावा ते तिला कळेना. पोटावर ठेवणार होती, तिथेही ठेवला नाही. हवेत तसाच धरून बसली.

"मूळ चित्रातला तो हाच, मी म्हणत नव्हतो?" असं म्हणत भिंगवाले ग्रंथाकडे वळले. जुळवून बघायची घाई झाली होती त्यांना. त्यांनी बोट जिभेला लावलं, पान उलटलं, पुन्हा बोट जिभेकडे नेलं.

"हात खाली!" मी ओरडलो.

माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. भिंगवाले जागच्या जागी थिजले. बोट तोंडासमोर, तोंड उघडं.

"त्या पानावर हेच आहे," मी म्हणालो. "शिसं आहे त्यात. तुम्ही पान उलटून बोट चाटता. किती वर्षं चाटताय?"

त्यांनी बोटाकडे पाहिलं. मग सावकाश खुर्चीवर बसले. छत्री हातातून निसटून पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"आजोबा नव्वदीपर्यंत पोचले, हे खरं," ते म्हणाले. त्या आवाजात आता गिऱ्हाईक नव्हतं. "पण शेवटी त्यांची मनगटं लुळी पडली होती. पेलाही धरता यायचा नाही. आई पाजायची. आम्हाला वाटायचं, वयामुळे."

"तुम्हीही तपासून घ्या," ठकू म्हणाली. "साबणाने हात धुवा आधी. तिकडे, मोरीत. नखांतून धुवा." मग माझ्याकडे वळली. "मामा, डॉक्टरीणबाईंकडे आत्ता जायचं. तू बोल. मी बोलायला लागले तर रडेन, आणि मला त्या बाईंसमोर रडायचं नाही."

डॉक्टरीणबाईंसमोर मी बोललो. कुठला पदार्थ, किती आठवडे, तोंडावाटे किती वेळा, पूड उडते का, त्रास कोणते. एकदाही 'बहुधा' म्हणालो नाही. बाहेर आल्यावर ठकू म्हणाली, "मामा, तुला इतकं सलग बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं." तिच्या दंडावर सुई टोचल्याच्या जागी कापूस होता आणि ती तो दाबून चालत होती.

अहवाल यायला काही दिवस लागणार होते. त्या दिवसांत आम्ही खोली साफ केली. खरं म्हणजे मी केली. तिला मी उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही. ती दारात स्टूल टाकून सूचना देत बसायची. झाडू वापरायचा नाही, धूळ उठते, हे मी तिला सांगितलं होतं. म्हणून सगळं ओल्या फडक्याने पुसलं, फडकी पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. ब्रश, बश्या, काच, चहाचे कप, सगळं त्यातच. सोनेरी कणांचं भांडं झाकण लावून, चिठ्ठीसकट वेगळं ठेवलं. मोरीत काही ओतलं नाही. बरणी आणि पिशव्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला माणूस येऊन घेऊन गेला. विषारी कचऱ्याची गाडी त्यांच्याकडे येते म्हणे. कामाचे कपडे वेगळे धुतले. भिंगवाल्यांनी ग्रंथ परत नेला. प्रत्येक रंगीत पान आता पारदर्शक पाकिटात आहे, आणि पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने सूचना लिहून लावली आहे. पांढुरकी फुलं पांढुरकीच राहिली.

"त्या कोपऱ्यात पुन्हा पूस," ठकू दारातून म्हणायची. "तू चष्म्याच्या वरून बघतोयस."  एकदा म्हणाली, "मामा, काल दिवसभर हललं नाही रे." मी फडकं हातात घेऊन उभा राहिलो.  संध्याकाळी ती वरून ओरडली, "हललं!" आणि मी ओल्या फरशीवरच बसलो.

अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी तो आधी स्वतः दोनदा वाचला. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"रक्तात शिसं आहे. असायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त," त्या म्हणाल्या. "उतरवण्याचं औषध द्यावं लागेल इतकं नाही. आणि या दिवसांत मी ते सहजासहजी देणारही नाही. मुख्य इलाज म्हणजे ते आता आणखी पोटात जायचं थांबलं. शिसं हाडांत जाऊन बसतं. कॅल्शियम कमी पडलं की हाडांतून निघून बाळाकडे जातं. म्हणून कॅल्शियम, लोह, पोटभर जेवण. तुमचा त्रास हळूहळू कमी होईल. महिन्याने पुन्हा रक्त तपासू."

"आणि बाळ?" ठकूने विचारलं.

"वाढ नीट दिसतेय. ठोके चांगले आहेत. पुढचं आज सांगता येणार नाही, आणि मी खोटा धीर देत नाही. जन्मल्यावर त्याचंही रक्त तपासू. आणखी दोन महिने हे असंच चालू राहिलं असतं, तर मी तुमच्याशी वेगळं बोलले असते."

 घराचा जिना चढताना ठकू मध्येच थांबून म्हणाली, "आईला काही कळवू नकोस. तू लिही, सगळं छान आहे."

"तिने मला विचारलंय, ठकू."

"ती धावत येईल. गुडघे धरून, तीन गाड्या बदलून. मग माझ्या उशाशी बसून रडेल. मला तिचं रडणं नको आत्ता."

"आणि तुझं?"

"माझं मी बघेन."

"तू ते कसं बघतेस, हे मी महिनाभर पाहिलंय. मुरड्यांनी वाकायचीस आणि तिला लिहायचीस, आंबट खावंसं वाटतं."

ती चिडली. पायरीवर बसून राहिली. मला वाटलं, आता ती मला घरी जायला सांगेल, आणि मी जाईन, आणि सवयीप्रमाणे गप्प बसेन. पण मी तिथेच, एक पायरी खाली, उभा राहिलो.

"बाळ जन्मलं आणि त्याला काही निघालं," मी म्हणालो, "तर ती विचारेल, घाबरटा, तू रोज तिथे होतास ना? तेव्हा मी काय सांगू? मला ते जमणार नाही. तू रागाव माझ्यावर, मी लिहिणार आहे."

"केव्हा?"

"आत्ता."

 खालच्या मजल्यावर कुणी तरी नळ सोडला, बंद केला.

"मग नीट लिही," ती म्हणाली. "तुझ्यासारखं लिहू नकोस. तिला अर्धं कळेल आणि अर्ध्याची ती भीती घेईल. आणि खाली माझ्यासाठी जागा ठेव."

तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी लिहिलं. "ताई, तू विचारलंस, पोरगी बरी आहे ना. ती बरी नव्हती. एका रंगातून तिच्या पोटात शिसं गेलं. ते थांबलं आहे. डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. ठकू हळूहळू सुधारेल असं त्या म्हणतात. बाळाची वाढ नीट आहे, पण त्याचं पूर्ण खात्रीने जन्मल्यावरच कळेल. तिला तुझी गरज आहे. ती तसं म्हणणार नाही. तू ये. गाडीपाशी मी उतरवून घ्यायला उभा राहीन."

कागद मी तिच्याकडे सरकवला. तिने वाचला, पेन घेतलं, आणि खाली एकच ओळ लिहिली: "येताना तुझी जुनी मऊ गोधडी आण, आणि रडायचं ते गाडीतच रडून ये." मग उठून तोंड धुवायला गेली आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

पोस्टाची खिडकी बंद व्हायला आली होती. कारकून शिक्के आवरत होता. मी धापा टाकत लिफाफा पुढे केला.

"साधं पाठवू की जलद?" त्याने विचारलं.

"लवकर पोचेल ते."

त्याने लिफाफा वजनाला ठेवला, तिकीट चिकटवलं, वर शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकला.